दोन सुयांची शिवण

नमुना एकदा नजरेखालून गेला की विमलताई तो कापडात उतरवते, असं राळेगावच्या बायका म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. लग्नात बापानं तिला पायमशीन दिलं होतं. सासू भागरथाबाईंनी तेव्हा नाक मुरडलं होतं, "सून आणली का दर्जी आणला व?" पण वर्ष सरायच्या आत अर्ध्या गावाची पोलकी त्या मशीनखालून जाऊ लागली. पाटलाचं घर, कापूस-तुरीचं शेत होतं, विहिरीवर चामड्याची मोट चालत होती, नवरा वामनराव सरळ माणूस होता. शिलाईवाचून काही अडत नव्हतं. विमल शिवायची ती शिवणं हातात होतं म्हणून.

चौसष्ट सालच्या हिवाळ्यात, कापसानं भरलेल्या बैलबंड्या फॅक्टरीपुढे रांगा लावून उभ्या राहायच्या त्या दिवसांत, जिनिंग फॅक्टरीला नवे मॅनेजर आले. त्यांची बायको नलिनीबाई पुण्याची. दोनच आठवड्यांत त्यांना विमलचं नाव कळलं आणि पोलक्यांची मापं द्यायला त्यांनी तिला बंगल्यावर बोलावून घेतलं. माप घेता घेता विमलची नजर खुर्चीवर पडलेल्या पर्सवर गेली आणि टेप हातातच राहिला.

तशी ती पर्स दिसायला साधी होती. ना जर, ना मणी, ना कशिदा. वर निमुळती, खाली रुंद, मुरलेल्या चहाच्या रंगाचं कातडं. एक झाकण पुढे येऊन पितळी कडीत अडकलेलं, वर दोन लहान कमानदार मुठी. आणि सगळ्या कडांनी फिकट दोऱ्याची शिवण. एकेक टाका तांदळाच्या दाण्याएवढा, किंचित तिरका, आणि सगळे दाणे एका मापाचे.

"माझ्या भावानं आणलीय विलायतेहून," नलिनीबाई म्हणाल्या. "तिकडच्या एका बड्या दुकानाची आहे. बायका जीव टाकतात म्हणे असल्या पर्ससाठी."

"पाहू काय मी, बाईसाहेब?"

"पाहा की."

विमलनं पर्स हातात घेतली ती बायका घेतात तशी नव्हे. आधी उघडली, आतून बोट फिरवलं, कड उलटी करून पाहिली. वर जशी शिवण, आतून तशीच. मशीनची शिवण कधी अशी नसते, तिला वरची बाजू असते आणि खालची असते.

"हे मशीनचं काम नाही, बाईसाहेब. हे हातानं शिवलेलं आहे."

"हातानं? छे हो!" नलिनीबाई हसल्या. "असल्या वस्तूंना कारखाने लागतात. या काय घरी होणाऱ्या गोष्टी आहेत?"

"कारखान्यात बी हातच असतीन न?"

"बरं बाई, मग करून दाखवा तुम्ही!" नलिनीबाई अजून हसतच होत्या. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, ती नुसती थट्टा होती. पण विमलला ती लागून राहिली. पुढच्या खेपेला पोलकी द्यायला गेली तेव्हा तिच्या पिशवीत खाकी कागद आणि पेन्सिल होती. नलिनीबाईंना मौज वाटली, त्यांनी पर्स तिच्यापुढे ठेवली आणि चहा सांगायला आत गेल्या. चहा येईपर्यंत विमलनं पुढचा भाग, मागचा भाग, झाकण, बाजूच्या पट्ट्या, मुठी, सगळं कागदावर उतरवलं होतं. एका बोटाच्या अंतरात किती टाके बसतात तेही मोजून कोपऱ्यात लिहून ठेवलं होतं.

आता कातडं पाहिजे होतं. बाजाराच्या टोकाला गोविंदा चांभाराचं घर होतं. वहाणा, बैलांचे पट्टे आणि मोटा करणारा त्याच्यासारखा दुसरा माणूस आसपासच्या दहा गावांत नव्हता. मोटांचं काम हल्ली कमी झालं होतं, विहिरींवर इंजिनं बसू लागली होती. विमलनं ओट्याखाली उभं राहून बकऱ्याचं मऊ कातडं मागितलं. कशाला पाहिजे हे त्यानं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

घरी आल्यावर तिनं कागद ठेवून कातडं कापलं, मशीनखाली घातलं आणि पाय मारला. चार टाक्यांत सुई मोडली. जाड सुई लावली. आता कातडं पुढे सरकेना, जागच्या जागी गोळा व्हायला लागलं. हातानं ओढून शिवलं तर टाके कुठे दाट, कुठे लांब. तिनं शिवण उसवली. कापड असतं तर पाण्याचा हात फिरवून, इस्त्री करून भोकं बुजली असती. पण कातड्यावर पडलेलं प्रत्येक भोक तसंच राहिलं. उसवलेल्या कडेवर नुसत्या भोकांच्या ओळी.  मग तो तुकडा तिनं पदराखाली घेतला आणि पुन्हा गोविंदाच्या ओट्यापुढे जाऊन उभी राहिली.

गोविंदानं तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "मशीनवर घातलं वाटते."

"हो."

"हे मशीनचं काम नाही, बाई. याले आरीनं भोक पाडा लागते, अन् दोन सुया लागतेत. एक इकून, एक तिकून."

"मंग शिकवा मले."

गोविंदाच्या हातातली कातडं कापायची रापी थांबली. "तुमी तो कागद द्या. मी शिवून देतो."

"शिवून नको, भाऊ. शिकाचं आहे."

"पाहा बाई," गोविंदा आवाज खाली आणून म्हणाला, "तुमी मोठ्या घरच्या. माह्या ओट्यावर बसान, हातात आरी घेसान, तर गाव तुमाले चार दिवस बोलन अन् गप बसन. माह्यावर मात्र यीन. म्हणतीन, गोविंदानं पाटलाची सून बिघडवली. लोकायचं काम सुटलं तर खाऊ काय?"

 तो म्हणत होता ते खरंच होतं. ती मागे वळणार एवढ्यात दाराशी बसून दोऱ्याला मेण लावणारी गोविंदाची बायको, पारबता, मान वर न करता बोलली.

"शिकवा म्हणतेत तर शिकवा न. पण बाई, मी सांगते ते ऐका. मागच्या दारानं नाही यायचं. यायचं तर बाजाराच्या दिवशी यायचं, साऱ्यायच्या डोयांसमोर. लपूनछपून केलं तर ते पाप होते, अन् ते आमच्या माथी बसते. उघड केलं तर ते काम होते."

"येते," विमल म्हणाली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भर दुपारी, भाजीवाल्यांच्या आणि मिरचीच्या पोत्यांच्या मधून वाट काढत ती आली, पायऱ्या चढली आणि गोविंदाच्या ओट्यावर मांडी घालून बसली. बाजाराचा कलकलाट एकदम उतरला असं तिला वाटलं. खरं म्हणजे कांदे मोजणारी एक बाई तेवढी थांबली होती. मग ज्यांचं काही काम नव्हतं तेही ओट्यासमोरून दोन-दोनदा गेले. कोणी विचारलं, "काय विमलताई, वहाण तुटली काय?"

"नाही. शिकून राह्यली," तिनं सांगितलं.

गोविंदानं तिला रद्दी कातड्याचे दोन पट्टे दिले, आरी दिली, मेण लावलेला दोरा दिला. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई. एकाच भोकातून एक सुई डावीकडून जायची, दुसरी उजवीकडून, आणि मग दोन्ही हातांनी दोरा सारख्या जोरानं ओढायचा. "एक टाका तुटला तरी दुसरा धरून ठेवते," गोविंदा म्हणाला. "म्हून बैलाचा पट्टा असाच शिवतेत." एवढं बोलून तो आपल्या कामाला लागला. विमलचे टाके वेडेवाकडे जात होते.  संध्याकाळी त्यानं पट्टा पाहिला आणि म्हणाला, "पुढच्या बाजारी अजून एक."

दुसऱ्या बाजारानंतर बातमी घरात आली. भागरथाबाई देवळातून परतल्या त्या ओट्यावरच उभ्या राहिल्या.

"खरं काय व हे? चांभाराच्या ओट्यावर बसून राह्यली तू?"

"हो, आत्याबाई."

"कायले?"

"चामड्याची शिवण शिकाले."

भागरथाबाईंचा आवाज चढला नाही. त्या रागावल्या की त्यांचा आवाज उतरायचा. "आजपासून माह्या घागरीले हात लावू नको. माही चूल येगळी. मले तुह्या हातचं पाणी चालत नाही."

विमलनं मान खाली घातली होती ती आता वर केली. "आत्याबाई, चाळीस वर्सं तुमी शेतात पाटाचं पाणी पिऊन राह्यल्या. तो पाट मोटेतून पडते. मोट कायची आहे? अन् कोणं शिवली?"

"शेतातलं येगळं, घरातलं येगळं," भागरथाबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी परसात तीन विटा मांडल्या.

त्या दिवसापासून घरात दोन चुली पेटू लागल्या. वामनरावांचं ताट रोज कोणत्या चुलीपाशी वाढायचं हा प्रश्न होता. ते दोन्हीकडचं थोडं थोडं खाऊन उठायचे आणि कोणाकडे पाहायचे नाहीत. चार दिवसांनी शेतातून आल्यावर ते विमलला म्हणाले, "एवढी हौसच आहे तर नागपूरले जाऊन आणून देतो न एक पर्स. सोड हा नाद."

"इकत मले नकोच आहे."

"मंग पायजे काय तुले?"

विमलला एकदम सांगता येईना. तिनं विचार केला आणि मग म्हणाली, "ती शिवण मले आली पायजे. दुसऱ्याच्या हाताले येते, माह्या काहून नाही येत?"

वामनरावांनी डोकं खाजवलं. त्यांना ते पटलं नाही, पण नांगराचा फाळ एकदा रुतला की बैलांना हाकून उपयोग नसतो हे त्यांना ठाऊक होतं.

गावानं मात्र आपला हिशोब वेगळ्या तऱ्हेनं केला. पोलकी यायची थांबली. दोघी-तिघींनी कापलेलं कापडसुद्धा परत नेलं. एकीनं तर अंगणात उभं राहून सांगितलं, "राग नको मानू व, पण देवाच्या पूजेले घालाचं पोलकं आहे." उन्हाळा लागला तेव्हा मशीनवर चादर टाकलेली होती आणि चादरीवर धूळ.  काही दिवस विमलला वाटायचं, पुरे झालं, कोणासाठी आणि कशासाठी करतो आपण हे? मग बाजाराचा दिवस यायचा, आणि ती पदर खोचून निघायची.

गोविंदानं पहिले पाच बाजार नुसती सरळ रेघ शिवून घेतली. त्यानंतर वळण. त्यानंतर रापी चालवायला दिली. रापी घसरली आणि विमलचा तळहात चिरला. पारबतानं हळद दाबली, चिंधी बांधली आणि म्हणाली, "आता आल्या तुमी धंद्यात." त्या दिवशी तिघंही हसले. एका दुपारी, पट्टा शिवून झाल्यावर, गोविंदानं अंगठ्याचं नख शिवणीवरून फिरवलं. नख कुठेच अडकलं नाही. तो आत गेला आणि गुंडाळून ठेवलेलं एक कातडं घेऊन आला. बाभळीच्या सालीत कमावलेलं, गडद, हाताला लोण्यासारखं लागणारं.

"हे मी राखून ठेवलतं. यातून एकच पर्स निंगन. चुकसान तर दुसरं नाही माह्यापाशी."

विमलनं ते कातडं दोन आठवडे घरी नुसतं ठेवलं. कागदाचे भाग त्यावर मांडायची, फिरवायची, पुन्हा उचलायची. पोटाकडचं कातडं ताणतं, पाठीचं ताणत नाही. मुठी पाठीच्या पट्ट्यातून काढायच्या, बाजूच्या पट्ट्या पोटाकडून. मग एका सकाळी अंगणात पाट मांडून तिनं रापी हातात घेतली आणि सगळे भाग एका दमात कापले. भागरथाबाई परसातून पाहत होत्या.

पुढचा, मागचा, झाकण, सगळं जमलं. अडलं ते कोपऱ्यांवर. बाजूची पट्टी खाली गोल वळून पुढच्या भागाला लागायची होती, आणि तिथे कातड्याला सुरकुत्या पडत होत्या. विमलनं तो भाग गोविंदाकडे नेला. त्यानं कोपरा दोनदा दाबून पाहिला.

"हे मले नाही येत, बाई," तो अखेर म्हणाला. "वहाणीले असं वळण नसते. मोटेले असते, पण मोटेच्या सुरकुत्या कोण पाह्यते?"

विमलनं पट्टी हातात घेऊन वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली. मग तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. "भाऊ, पोलक्याची बाही बसवतो न आमी, तवा बाहीचा गोल मोठा असते अन् खांद्याचा लहान. मंग ते जास्तीचं कापड एका जागी गोळा नाही करत, थोडं थोडं करून साऱ्या गोलात जिरवतो. इथी बी तसंच केलं तर?"

"कापड जिरते. चामडं कसं जिरन?"

"ओलं केलं तर?"

गोविंदानं तिच्याकडे पाहिलं. मग उठला, वहाणेला आकार द्यायचा लाकडी ठोकळा घेऊन आला, पारबताला पाणी मागितलं. पट्टी भिजवली, ठोकळ्याच्या गोल कडेवर ताणली. विमल बोटांच्या टोकांनी जास्तीचं कातडं कडेकडेनं दाबत, वाटून देत गेली आणि गोविंदा वरून हलकी ठोकणी चालवत गेला. दोघांचे हात एकाच पट्टीवर होते. वाळल्यावर दुसऱ्या दिवशी पट्टी उचलली तर कोपरा गोल, गुळगुळीत, कुठे सुरकुती नाही.

"हे मले नोतं माहीत," गोविंदा म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की विमलला गेलेले सगळे महिने एकदम हलके वाटले.

कडीऐवजी त्यानं टांग्याच्या घोड्याच्या सामानातली एक पितळी बक्कल घासूनपुसून दिली. मुठींच्या आत विमलनं सुताची दोरी भरली. आतून अस्तराला पोलक्यांतून उरलेलं जांभळं साटीन लावलं. नवरात्राच्या आधी पर्स पूर्ण झाली. वामनराव शेतातून आले तेव्हा ती खुंटीवर होती. त्यांनी हातपाय धुतले, पर्स खाली काढली आणि दोन्ही मुठी धरून, बैलाचा पट्टा तपासतात तशी, सगळा जोर लावून खस्सकन ओढली.

"तुटत नाही," वामनराव म्हणाले. पर्स परत खुंटीवर लावली. मग पुन्हा वळून पाहिलं. "सुरेख झाली वं."

पौषात महिला मंडळाचं प्रदर्शन भरलं. शाळेच्या पटांगणात मांडव, टेबलांवर पांढऱ्या चादरी, विणलेले रुमाल, भरलेल्या उश्या, लोणच्यांच्या बरण्या. नलिनीबाई त्या वर्षी मंडळाच्या पाहुण्या होत्या. विमलनं पर्स टेबलावर ठेवली तेव्हा त्या पुढे आल्या, आणि आपली पर्स हातातून काढून तिच्या शेजारी ठेवली. एकीचा रंग किंचित गडद, एकीची कडी वेगळी. बाकी बायका आळीपाळीनं दोन्हींकडे पाहत होत्या.

"विमलताई," नलिनीबाई हळूच म्हणाल्या, "मी तेव्हा थट्टा केली होती हो."

"मले माहीत होतं, बाईसाहेब."

मंडळाच्या चिटणीस बेबीताई कार्डं लिहीत होत्या. अक्षर मोत्यासारखं. त्यांनी लिहिलं, ‘घरगुती हस्तकला. सौ. विमलताई, राळेगाव.’ कार्ड पर्सपुढे उभं केलं.

"बेबीताई, खाली अजून एक ओळ पायजे," विमल म्हणाली. "शिकवणार गोविंदा अन् पारबता."

बेबीताईंची लेखणी थांबली. "हे महिला मंडळाचं प्रदर्शन आहे, विमल. इथं पुरुषाचं नाव कसं घालू?"

"मंग पारबताचं घाला. मेणाचा दोरा तिनंच शिकवला मले."

"ती कुठं मंडळाची सभासद आहे?"

"सभासद करा."

आजूबाजूला चार-पाच जणी जमल्या होत्या. बेबीताईंनी चष्मा काढला, पुसला. "हे पाहा, उगाच वाद नको. लोक येणार, फराळाचं टेबल शेजारीच आहे. पर्स छान आहे, ठेव अन् मोकळी हो."

नलिनीबाई टेबलाकडे पाहत होत्या. त्यांनी तोंड उघडलं नाही.

विमलनं कार्ड उचललं, बेबीताईंच्या पुढ्यात उलटं ठेवलं. मग पर्स उचलली आणि आपल्या हातावर अडकवली. "तुमाले वाद नको, मले बी नको," ती म्हणाली. "टेबल तुमचं आहे. हात माहा आहे."

आणि ती प्रदर्शन पाहायला निघाली. रुमाल पाहिले, उश्या पाहिल्या, बरण्यांची झाकणं उघडून वास घेतले. कोणाला उत्तर द्यायची घाई नव्हती तिला, आणि घरी जायचीही नव्हती. सगळा दिवस ती मांडवात होती, आणि पर्स तिच्या हातावर होती. आसपासच्या गावांतून आलेल्या बायका तिला थांबवू लागल्या. "कोठून घेतली व बाई?" "म्यां शिवली. गोविंदाभाऊनं अन् पारबताबाईनं शिकवलं. बाजाराच्या टोकाले राहतेत." कोणी हात लावून पाहायची, कोणी हात मागे घ्यायची. प्रत्येकीला तिनं तीच दोन नावं सांगितली, एकदाही न चुकता. दुपारपर्यंत टेबलांवरच्या कार्डांपेक्षा ती दोन नावं जास्त तोंडी झाली होती. परगावच्या तीन बायका तर प्रदर्शनातूनच परस्पर गोविंदाचा ओटा विचारत गेल्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी विमल ओट्यावर पोचली तेव्हा तिथे आधीच कोणीतरी बसलं होतं. नलिनीबाई. त्यांची विलायती पर्स गोविंदाच्या मांडीवर होती, एका मुठीचा टाका सैल झाला होता.

"तुम्ही त्या दिवशी बोललात, विमलताई, आणि मी गप्प बसले," त्या म्हणाल्या. "ते काही मला बरं वाटलं नाही. म्हटलं, निदान इथं तरी येऊन बसावं."

पारबतानं चहा आणला. विमलनं कप घेतला. तिनं पाहिलं, नलिनीबाई क्षणभर घुटमळल्या, आणि मग त्यांनीही घेतला. बाजारातली माणसं पाहत होती. पाहू देत.

गावाची पोलकी एकदम परत आली नाहीत. आधी नवीन लग्न होऊन आलेल्या पोरी आल्या, त्यांना जुनं काही ठाऊक नव्हतं. मग ज्यांना दुसऱ्या शिंप्याचे खांदे बसत नव्हते त्या आल्या. पूजेचं पोलकं परत नेणारी बाई आली ती फार उशिरा, आणि दाराशी उभी राहून बराच वेळ पावसापाण्याचं बोलत राहिली. विमलनं तिच्या हातातलं कापड घेतलं आणि टेप काढला.

भागरथाबाईंनी कधीच काही मान्य केलं नाही. पण त्या वर्षी वऱ्हाडात सरपण महाग झालं होतं, आणि परसातली चूल धुरानं डोळ्यांना जाळत होती. एका सकाळी त्या विमलच्या चुलीपुढे येऊन बसल्या आणि कणीक मळायला घेतली. "दोन चुलीले काड्या कोठून आणाच्या?" त्या कोणाकडेही न पाहता म्हणाल्या. विमलनं तवा ठेवला. पाण्याची घागर मात्र अजून महिनाभर वेगळी होती.

त्या घागरीचा निकाल लागायच्या आधीच पारबतानं एकदा मेणाचा दोरा ओढता ओढता विचारलं, "बाई, ते मशीन मले येईन काय?"

"काहून नाही येणार?"

"मोटा तर बंद पडून राह्यल्या. पोलकी घालणं तर कोणी बंद करत नाही."

"मंग उद्या ये. सकाळीच ये."

पारबतानं हात थांबवला. "घरी? अन् सासूबाई?"

"घरी," विमल म्हणाली. "मशीन काय मी डोक्यावर घेऊन येऊ तुह्याकडे?"

पारबता दुसऱ्या दिवशी आली. नवं लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन. भागरथाबाई ओट्यावर तूर निवडत बसल्या होत्या, पाय पायरीवर पसरून. पारबता पायरीशी थांबली. विमल आतून दाराशी आली आणि तिथेच थांबली. आता वाट सासूनंच द्यायची होती. भागरथाबाईंनी सुपातला एक खडा काढून दूर फेकला. दुसरा काढला. मग, सुपावरची नजर न हलवता, त्यांनी पाय आखडून घेतले.

पारबता आत गेली. विमलनं मशीनवरची चादर काढली, तिला स्टुलावर बसवलं, चाकावर हात ठेवला. "पाय हळू. पुढे, मंग मागं." पारबतानं पाय दाबला. चाक उलटं फिरलं, दोरा गुंतला आणि तुटला.

"तुटला," ती घाबरून म्हणाली.

"तुटू दे," विमल म्हणाली आणि सुईत पुन्हा दोरा ओवला. "पुन्हा मार."